गाडी गप्प करून घेतली तेव्हा

आमची गाडी एवढा आवाज करते हे मला आई गेल्यावर कळलं. आधी करत नव्हती अशातला भाग नाही, पण आधी गाडीत आई बोलायची. बोरिवलीहून निघालो की अंधेरी येईपर्यंत तिचं तोंड बंद नाही. ह्या बिल्डिंगला काय घाणेरडा रंग लावलाय, तो बघ रिक्षावाला कसा मध्येच घुसला, मेट्रोचं काम एकदाचं झालं बाई. मी वैतागून म्हणायचे, अगं आई, मला गाडी चालवू दे. ती गेली आणि मग टायरांची घरघर, दरवाज्यांची खडखड, पुलाखालून जाताना आत घुमणारा तो भकास आवाज, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

मी पन्नाशी उलटलेली, एकटी, बँकेत नोकरी करणारी आणि तोंडाने फटकळ बाई आहे. लग्न का नाही केलं असं विचारणाऱ्यांना आमच्याकडे चहा मिळत नाही. आता घरात मी आणि बाबा, एवढेच. बाबा ऐंशीला टेकलेले. तरुणपणी कोकणातून आले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. साचा म्हणजे माग. एका छपराखाली शेकडो साचे दिवसरात्र धडधडायचे आणि त्यात उमेदीची वर्षं काढून बाबांनी आपले कान गिरणीला देऊन टाकले. संपात गिरणी बसली ती बसलीच. मग ते गोरेगावला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. कान काही परत आले नाहीत.

साचेखात्यात घसा फोडून काही उपयोग नसायचा, त्यामुळे तिथली माणसं ओठांनी बोलायची. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. ही सवय बाबा घरी घेऊन आले आणि आईने ती लग्नानंतर थोड्याच दिवसांत उचलली. मी लहानपणी अभ्यासाला बसलेली असायचे आणि माझ्या डोक्यावरून ते दोघं बोलत असायचे. खोलीत चिडीचूप. हे माझ्याबद्दलच चाललंय अशी माझी खात्री असायची आणि मी पाय आपटून म्हणायचे, मोठ्याने बोला की. आई हसायची. मला त्यांनी ते कधी शिकवलं नाही आणि मीही हट्टाने शिकले नाही. बाबांशी बोलायचं तर मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडते. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र एवढासा, घशातच राहिल्यासारखा. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात म्हणे. आमचे बाबा नाही बोलत.

आई गेली ती ह्याच गाडीत, काही वर्षांपूर्वी. सकाळी चहा घेता घेता तिच्या छातीत दुखायला लागलं आणि ती घामाने भिजली. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, पण वाट बघत बसण्याएवढा धीर माझ्यात नव्हता. शेजाऱ्यांनी हात दिला, तिला मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवलं. बाबा तिच्या शेजारी, म्हणजे बरोबर माझ्या पाठीमागे. तिचे डॉक्टर अंधेरीच्या हॉस्पिटलात, म्हणून तिथेच न्यायचं. हायवेवर ऑफिसच्या वेळेची गर्दी. तिला हवा हवी होती म्हणून चारी काचा खाली. ट्रक, बसेस, हॉर्न, मी तर हॉर्नवरचा हात काढतच नव्हते. आरशात मला आईचं फक्त कपाळ दिसत होतं. बाबा तर दिसतच नव्हते.

आरेच्या पुलावर चढलो आणि बाबा माझ्या खांद्यावर थापा मारायला लागले. एक, मग दुसरी, मग थांबेनातच. मला समजलं, घाई करतायत. मी ओरडले, "कळलं हो बाबा, कळलं!" आणि मिळेल त्या फटीतून गाडी दामटली. थापा थांबल्या. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आला, कुणीतरी नाडी बघितली, आणि डॉक्टर म्हणाले की वाटेतच गेल्या.

त्यानंतर मी गाडी विकायची म्हणत होते, पण बाबा नाही म्हणाले. त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, मरोळला असते. ती अंथरुणावर आहे आणि बाबांना दर रविवारी तिला भेटायला जायचं असतं. रिक्षात त्यांची कंबर धरते. तेव्हा दर रविवारी तीच गाडी, तोच हायवे, तोच पूल. पुढे माझ्या शेजारी बसा म्हटलं तर बसत नाहीत. माझ्या पाठीमागे, जिथे त्या दिवशी बसले होते, तिथेच बसतात. त्यांच्या शेजारची जागा रिकामी.

आणि आरेचा पूल आला की त्यांची थाप खांद्यावर येते. दर रविवारी, न चुकता. एक थाप, मग दुसरी. मग ते पुढे सरकतात, त्यांचा श्वास माझ्या मानेला लागतो, आणि मला कळतं की ते काहीतरी बोलतायत. काय ते टायरांच्या घरघरीत ऐकू येत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझा पाय ब्रेकवर गेला होता. पुलावर गाडी थांबवता येत नाही, मागचे लोक आईबहिणीवरून शिव्या देतात. मला वाटलं, म्हाताऱ्याला तो दिवस आठवतोय, जीव घाबरा होतोय, चला लवकर इथून. म्हणून मीही तिथे गाडी जोरात घेते. पूल उतरला की ते मागे रेलून बसतात.

बायका सांगतात की आई स्वप्नात येते, साडी नेसून दारात उभी राहते, जेवलीस का विचारते. माझी आई स्वप्नात कधी आली नाही. ती आरेच्या पुलावर येते. पूल जवळ आला की माझी मान ताठ होते, डोळ्याच्या कोपऱ्यातूनही आरशाकडे बघायचं नाही असं ठरवते आणि तरी बघते. आरशात मागच्या सीटचा डावा कोपरा दिसतो आणि मागे राहिलेला दिंडोशीचा चढ दिसतो. दुसरं काही दिसत नाही. तरी पाठीला कुणीतरी बघत असल्यासारखं वाटतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बँकेत सांगितलं असतं तर म्हणाले असते, मॅडमना आता व्हीआरएस द्या.

घरी आल्यावर मी बाबांना विचारायचे, पुलावर काय म्हणालात हो? त्यांच्या कानाशी जाऊन, मोठ्याने. ते माझ्याकडे बघायचे. आपल्याला जे ठाऊक आहे तेच कुणी मुद्दाम विचारतंय म्हटल्यावर माणूस जसं बघतो, तसं. मग म्हणायचे, काय नाय. आणि टीव्हीकडे तोंड वळवायचे. दोनदा विचारलं, चारदा विचारलं, उत्तर तेच. शेवटी मी विचारणं सोडून दिलं. पण डोक्यातून गेलं नाही. मला पक्कं वाटायला लागलं की हे आईचं शेवटचं बोलणं आहे. त्या दिवशी पुलावर तिने बाबांना काहीतरी सांगितलं, माझ्यासाठी काहीतरी ठेवलं, आणि ते ह्यांच्या तोंडात अडकून बसलंय. पुलावर आपोआप बाहेर येतं, घरी येत नाही. मला ते हवं होतं. आईची भांडी, साड्या, सगळं मी वाटून टाकलं, कशासाठीही डोळ्यातून पाणी काढलं नाही. हे मात्र मला हवंच होतं.

बाबांना कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, तरी माझं ओरडणं काही सुटलं नव्हतं. गाडीत बसले की काढून खिशात ठेवायचे. मशीन माणसाचा आवाज मोठा करतं तसा टायरचाही करतं, त्यांचं डोकं उठायचं. म्हणजे गाडीत त्यांना माझं ऐकू येत नाही आणि मला त्यांचं. बँकेत एकजण आहे, गाडीचा भलता शौकीन, दर सहा महिन्यांनी गाडीत काहीतरी नवीन बसवून घेतो आणि आम्हाला जेवणाच्या सुट्टीत त्याची प्रवचनं ऐकावी लागतात. तो एकदा सांगत होता की गाडीचे दरवाजे आणि तळ आतून सोलून त्याला डॅम्पिंग केलं की बाहेरचा आवाज आत येत नाही, आत बसून माणूस कुजबुजू शकतो. माझा घास हातातच राहिला. मी त्याला तिथल्या तिथे पत्ता विचारला. तो म्हणाला, मॅडम तुम्ही? मी म्हटलं, का, माझ्या गाडीला दरवाजे नाहीत?

सगळ्यांना मी सांगितलं की बाबांच्या मशीनसाठी करतेय. ते खोटं नव्हतं. खरं कारण माझं मला ठाऊक होतं.

कांजूरमार्गला एका गाळ्यात हे काम चालतं. वारा कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या बाजूने होता म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं. मालक तिशीतला, गॉगल डोक्यावर चढवलेला, स्वतःवर जाम खूश. त्याच्याकडे येणारी सगळी तरणी पोरं, गाडीत असे स्पीकर लावणारी की सिग्नलला शेजारच्या गाडीच्या काचा थरथराव्यात. त्याने मला विचारलं, मॅडम, सिस्टीम कुठली बसवायची? मी म्हटलं कुठलीच नाही. त्याला वाटलं मला समजलं नाही. त्याने पुन्हा हळूहळू समजावलं की डॅम्पिंग हे गाणी चांगली ऐकू यावीत म्हणून करतात. मी म्हटलं, मला गाणी ऐकायची नाहीत, गाडी गप्प करून पाहिजे. तो डोकं खाजवत म्हणाला, झकास. करू गप्प.

मी सुट्टी टाकून तिथेच बसले. माझी गाडी कुणी सोलतंय आणि मी घरी भाजी निवडतेय, हे मला जमलं नसतं. त्याच्या माणसांनी दरवाज्यांची आतली प्लास्टिकं उपटून काढली. आत निघाला नुसता पातळ पत्रा. मालकाने बोटाच्या हाडाने त्यावर टकटक केलं. डबा वाजावा तसा टण्ण आवाज आला. म्हणाला, बघा मॅडम, तुम्ही डब्यात बसून फिरत होता. मग काळ्या चिकट शीटा आल्या, डांबराच्या वड्या लाटाव्यात तशा, वरून चांदीसारखा कागद. त्या कापायच्या, गरम हवेच्या बंदुकीने मऊ करायच्या, पत्र्यावर चिकटवायच्या आणि हातातल्या लहान रोलरने दाबत राहायचं, खाली हवा राहता कामा नये. थोड्या वेळाने त्याने पुन्हा टकटक केलं. ह्या वेळी ठप्प. पत्रा मेला, म्हणाला. मला तो शब्द आवडला नाही, पण त्याचा धंद्यातला शब्द होता, मी काय बोलणार.

दरवाजे झाले, डिकी झाली, मग तळाचं कार्पेट काढायचं म्हणून मागची सीट उचलली. खाली पेपरमिंटचे कागद, एक केसांची पिन आणि लवंगांची पुडी. आईला गाडी लागायची, ती लवंग तोंडात धरून बसायची. एक माणूस व्हॅक्यूमचा पाइप घेऊन आला आणि मी अशी काही ओरडले की तो दोन पावलं मागे गेला. मग माझीच मला लाज वाटली. मी वाकून पुडी उचलली, बाकीचं त्याला घेऊन जा म्हटलं. बाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन एक लवंग तोंडात टाकली. अजून तिखट होती.

काम दुसऱ्या दिवसावर गेलं. संध्याकाळच्या आत गाडी जोडून झाली. मालकाने मला आत बसवलं, चारी दरवाजे लावले, स्वतः मागे जाऊन बसला आणि म्हणाला की मॅडम, आता मागे बसलेला माणूस कुजबुजला तरी तुम्हाला ऐकू येईल, गॅरंटी. बिचाऱ्याला काय माहीत.

तिथून मी एकटीच निघाले, पवईच्या बाजूने. गाडी खरंच गप्प झाली होती. बाहेर डम्पर चाललाय, दिसतोय, पण ऐकू येतोय तो लांबून, भिंतीपलीकडून. माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी आवंढा गिळला तो ऐकू आला. पहिली दोन मिनिटं मला आपलं फार कौतुक वाटलं. मग मागून आवाज आला, टक. मी कान टवकारले. पुन्हा टक. खड्डा आला की टक टक. डावीकडून, मागच्या कोपऱ्यातून, आईच्या जागेवरून. सरळ सांगते, मी घाबरले. भर दिवसा, पवईच्या गर्दीत. आरशात बघायची हिंमत होईना. मी मोठ्याने म्हटलं, "आई, असं नको ना करूस." म्हटलं आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

गाडी कडेला घेतली, उतरले, मागचं दार उघडलं. सीटबेल्टची कडी बाजूच्या प्लास्टिकवर आपटत होती, बाकी काही नाही. ती आधीपासून आपटत असणार, आजवर आवाजात बुडून गेली होती. मी तो बेल्ट ओढला आणि रिकाम्या सीटवरून नेऊन खाचेत अडकवला. टकटक बंद झाली. पुढे येऊन बसले, आरशात बघितलं, तर कोपऱ्यात बेल्ट लावलेली रिकामी जागा. आईला त्या दिवशी बेल्ट लावलाच नव्हता. एवढ्या घाईत कोण लावतं. बोरिवली येईपर्यंत मी रेडिओ चालू ठेवला.

रविवार आला. बाबांना मी सकाळीच बजावलं की आज मशीन खिशात घालायचं नाही. ते मागे बसले, शेजारचा लावलेला बेल्ट त्यांनी बघितला, त्यावरून एकदा हात फिरवला. मी गाडी सुरू केली, इंडिकेटर दिला, तर मागून आवाज आला, "ह्या टिकटिक काय वाजता गो?" एवढी वर्षं गाडीत बसून त्यांनी इंडिकेटर पहिल्यांदा ऐकला होता. मला हसू आलं. मी साध्या आवाजात सांगितलं, बाबा, तो इंडिकेटर. त्यांना ते ऐकू गेलं. मी न ओरडता बाबांशी बोलले आणि त्यांनी मान डोलावली, हे माझ्या जन्मात पहिल्यांदा झालं असेल.

कांदिवली मागे पडली तसे बाबा आपणहून बोलायला लागले. म्हणाले की गाडी गप्प झाली तसे साचे जास्त ऐकू येतात. मी विचारलं, कुठले साचे? तर म्हणाले, कानातले. ते बंद कधी झालेच नाहीत. गिरणी बंद पडली, वर टॉवर उभा राहिला, हे आपले चालूच आहेत. शांत ठिकाणी मोठे होतात, गजबजीत बारीक होतात. एवढंच सांगून ते बाहेर बघायला लागले. मी त्यांच्याबरोबर सगळं आयुष्य काढलंय. हे मला ठाऊक नव्हतं.

दिंडोशीला मी एसी बंद केला, त्याचाही आवाज नको म्हणून. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. छातीत एवढं धडधडत होतं की मला वाटलं तेच मध्ये यायचं. आरेचा पूल आला. खांद्यावर थाप पडली. दुसरी पडली. त्यांच्या शर्टाची बाही सीटवर घासली, ती ऐकू आली. श्वास मानेला लागला. ओठ उघडल्याचा, मिटल्याचा, पुन्हा उघडल्याचा कोरडा आवाज आला. आणि बास. शब्द नाही. आवाजच नव्हता. म्हणजे गाडीचा दोष नव्हता, टायरांचा नव्हता, एवढी वर्षं तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतंच. बाबा ओठांनी बोलत होते.

माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, लागली वाट. मी सुट्ट्या टाकून गाडीची कातडी सोलून काढली आणि हा म्हातारा आवाजच काढत नाही! मी जोरात म्हटलं, बाबा, अहो मोठ्याने बोला ना! ते एकदम मागे सरकले. पूल उतरल्याबरोबर मी गाडी डावीकडे बाजूच्या रस्त्याला घेतली, बस स्टॉपच्या पुढे उभी केली, दिवे लुकलुकत ठेवले. बेल्ट काढला आणि अख्खी मागे वळून, दोन सीटांच्या मधून मान घालून त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं. म्हटलं, आता बोला. काय बोलता पुलावर?

ते माझ्याकडे बघत राहिले. गाडीत बसून मी त्यांच्याकडे तोंड करून कधी बघितलंच नव्हतं, मी कायम पुढे बघणारी. मग त्यांचे ओठ हलले. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, पुन्हा. ते पुन्हा बोलले, हळू, लहान मुलाला शिकवावं तसं. एक शब्द ओळखीचा वाटला. बाबा आईला माझ्यासमोर तुझी आवस म्हणायचे, तो शब्द. मी म्हटलं, अजून एकदा. ह्या वेळी सगळं दिसलं.

मागे बघ. आवस बोलावता.

मी म्हटलं, काय? कोण बोलावतं? तेव्हा बाबा आवाज काढून बोलले. त्यांच्या त्या एवढ्याशा आवाजात, पण त्या गप्प गाडीत त्याचं अक्षर न अक्षर ऐकू येत होतं. बाहेर कुणी रिक्षावाला काच ठोकून गाडी पुढे घ्या म्हणत होता, मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी पुलावर आईला आवाज काढण्याएवढा श्वास उरला नव्हता. तिने बाबांकडे तोंड वळवलं आणि ते दोघं जन्मभर बोलत आले तसं ओठांनी बोलली. म्हणाली, तिला बोलवा, तिचं तोंड बघू दे. साचेखात्यात कुणाला हाक मारायची तर खांद्यावर थाप मारायची. थाप पडली की माणूस वळतो आणि तुमच्या तोंडाकडे बघतो, मग तुम्ही बोलायचं. थापेचा दुसरा काही अर्थच नसतो. त्या गदारोळात बाबांना आवाज काढायचं सुचलंही नाही. त्यांनी थाप मारली, आणि मी वळेन म्हणून ते बोलत राहिले. मागे बघ, आवस बोलावता. मागे बघ.

"तू म्हटलंस, कळला," बाबा म्हणाले. बाहेरच्या आरशात त्यांनी माझे ओठ वाचले होते. "दोनदा म्हटलंस. मगे वळलंस नाय."

मग ते आईला म्हणाले होते, थांब, गाडी चालवता ती, आता वळतली. आई माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत बसली होती. पूल उतरेपर्यंत बघत होती.

मी म्हटलं, "बाबा, मला वाटलं तुम्ही घाई करताय."

त्यांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मला वाटलं थाप म्हणजे गाडी पळव. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला त्यांची नजर सोसवेना. "घाय करूक थाप कोण मारता गो?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं की असं कुणाला वाटू कसं शकतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हा माणूस एवढी वर्षं काय समजून चाललाय. आई शेवटची बोलावत होती, मला ते कळलं होतं, मी तसं तोंडाने सांगितलंही होतं, आणि तरी मी वळले नाही. असं समजून तो माझ्या हातचं जेवला, माझ्याबरोबर टीव्ही बघत बसला, मला ताप आला तर कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसला. एका शब्दाने बोलला नाही. आणि मी घरी आल्यावर त्याच्या कानात ओरडून विचारायचे, पुलावर काय म्हणालात. मला रडू फुटलं. मी आई गेली तेव्हा हॉस्पिटलात रडले नव्हते, स्मशानात नव्हते, सगळ्यांनी म्हटलं होतं पोरगी घट्ट आहे. त्या बस स्टॉपपुढे मी गाडीच्या दोन सीटांच्या मध्ये अडकून हुंदके देऊन रडले आणि डॅम्पिंग केलेल्या गाडीत ते सगळं माझं मलाच ऐकू येत होतं.

माझा भर ओसरल्यावर मी नाक पुसलं आणि विचारलं की मग अजून का थाप मारता, इतकं सगळं होऊन गेल्यावर? ते म्हणाले, हात आपोआप जातो. मग म्हणाले, "सांगूचा रवला ना." त्यांचं सांगायचं राहिलं होतं.

मग त्यांनी हात पुढे केला आणि मी त्यांच्याकडेच बघत असतानाही माझ्या खांद्यावर एक थाप मारली. ओठ हलले. ह्या वेळी मला शिकवावं लागलं नाही.

मी त्यांच्यावरून नजर काढून शेजारच्या जागेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ओ," मी म्हटलं. "ओ, आई."